सारख्या आडनावाच्या बाईचा पाव

सोमवार, ४ जून १८८३. सँडथॉर्प

तुम्ही सगळे कसे आहात? ही वही आहे, पत्र नव्हे, हे मला कळतं. पण मी लिहायला शिकले तेच चाळिशीत, चॅपलच्या रविवारच्या वर्गात, आणि तिथे पत्रच शिकवलं. दुसरी सुरुवात मला येत नाही.

इनॉक, तुझी पाठ कशी आहे? मोज्यांच्या मागावर वाकून बसू नकोस म्हणून सांगितलं तरी तू माझं कधी ऐकलंस, लेका? रूथ, दूध नीट येतंय ना? महिना होईपर्यंत जिना उतरायचा नाही. धाकटा कसा आहे? बिचाऱ्याला अजून नावसुद्धा नाही. त्याच्या खोलीत कोणी खोकलेलं आणू नका. शेजारच्या सायलसबाबांचा दमा काय म्हणतो? आणि मांजरी व्यायली असेल तर पिल्लं माझ्या उशीवरून उठवा.

आम्ही पोचलो. आगगाडीत हेप्सीला चार उबळी आल्या. तिसरीला डब्यातले दोघे पुढच्या स्टेशनावर उतरून दुसऱ्या डब्यात गेले. मी त्यांना बोल लावत नाही. आपल्या गल्लीतून डांग्या खोकल्याने दोन पोरं गेली ती त्यांनी पाहिली नसली तरी आवाज सगळ्यांना कळतो. चार वर्षांची पोर, पण उबळ आली की म्हाताऱ्यासारखी दिसते.

डॉक्टर म्हणाले, समुद्राची हवा द्या, नाहीतर मला विचारू नका. म्हणून समुद्र. आणि धाकट्यापासून तिला लांब न्यायचंच होतं.

घरमालकीण मिसेस ब्रॅमली. खिडकीत 'खोल्या भाड्याने' अशी पाटी, दारात पितळी कडी, तीत तोंड दिसावं इतकी घासलेली. इथली रीत अशी की आपलं सामान आपण आणायचं, ती शिजवून देते. प्रत्येक बिऱ्हाडाच्या मटणाच्या चॉपला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून सगळं एकाच भट्टीत. आमचा दोरा निळा.

"पोरीला काही नाही ना?" तिने विचारलं.

"सर्दी आहे," मी म्हटलं.

लिहून ठेवते, कारण ते खोटं होतं.

मंगळवार, ५ जून

उजाडताच वाळूवर गेलो. लोक यायच्या आत. समुद्रात नेऊन आंघोळ करायच्या चाकांच्या खोल्यांना अजून घोडे जुंपले नव्हते, त्या ओळीने उभ्या होत्या. हेप्सीने समुद्र पाहिला आणि म्हणाली, "आजी, हा कोणी सांडला?" मग उबळ आली. मी तिला पुढे वाकवून धरलं, कपाळाखाली हात, दुसरं बोट गालात घालून चिकटा ओढून काढला. आता मला हे झोपेत जमेल. मग तो श्वास आत ओढायचा आवाज. कोंबड्याच्या गळ्यावर पाय दिल्यासारखा.

"सर्दी फार जोराची आहे हो!" मागून कोणी बोललं.

गाढवं भाड्याने देणारा. जेबेझ नाव, माझ्याच वयाचा, दात तीन. मला वाटलं, हा आता बोभाटा करणार. पण त्याने एक गाढव पुढे आणलं. "पोटाखालून नऊ वेळा काढा पोरीला. लोक काढतात."

"आणि बरी होतात?"

"गाढवाला विचारा. इतकी वर्षं पोरं काढतंय, एका शब्दाने बोललेलं नाही."

नऊ वेळा काढली. हेप्सी हसली, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. हसण्याने पुन्हा उबळ आली.

जेबेझ डोकं खाजवत म्हणाला, "याहून बरं औषध तुम्हाला ठाऊक असेलच. सारख्या आडनावाची बाई."

ठाऊक नसायला काय झालं? माझी आजी सांगायची. लग्न होऊनही जिचं आडनाव बदललं नाही, माहेरचं तेच सासरचं, आणि नवऱ्याशी रक्ताचं नातं नाही, अशा बाईच्या हातचा पाव. 'कृपा करून' म्हणायचं नाही, आभार मानायचे नाहीत, मोबदला द्यायचा नाही. पण आमच्याकडे अशी बाई आसपासच्या तीन पॅरिशांत नव्हती.

"इथे आहेत की!" जेबेझ म्हणाला. "वेन्सबीत एक ऐकून आहे. आणि कोल्डगॅपला जा. कोळ्यांची वस्ती. तिथे दगड भिरकावला तर पेलिंगलाच लागतो. पेलिंगांच्या मुली पेलिंगांत देतात. एकमेकांना ओळखायला टोपणनावं ठेवलीत."

गुरुवार, ७ जून

काढलं आम्हाला.

काल संध्याकाळी हेप्सीच्या नाकातून रक्त आलं, तेही नेमकं जिन्यात. वरच्या मजल्यावरच्या बाईने पाहिलं. मिसेस ब्रॅमली खाली उभी होती, हातात पातेलं.

"मिसेस ऑर्गिल, ही सर्दी?"

मी हेप्सीच्या नाकाला रुमाल लावला.

"माझ्या घरात पाच बिऱ्हाडं आहेत. सात पोरं. तुम्ही मला तोंडावर खोटं सांगितलंत."

"कुठे जाऊ मी हिला घेऊन, बाई?"

"ते मला विचारू नका. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं ते सांगा."

 रूथच्या खोलीच्या दारात मीच उभी राहून लोकांना हाकलत होते ना! सकाळी सामान दाराबाहेर होतं, आणि त्यावर झाकलेल्या वाडग्यात मटणाचं गरम सूप. निळा दोरा वाडग्याच्या कानाला बांधलेला. मला राग यायला हवा होता, पण रडू आलं.

जेबेझने त्याच्या शेजारच्या हॅगथॉर्प गावातल्या खोगिरांच्या खोपटात जागा दिली. पट्टे आणि चंदीच्या पिशव्या उसवल्यात त्या शिवून द्यायच्या, एवढंच मागणं. शिवण तर माझ्या हातातच आहे.

शनिवार, ९ जून

वेन्सबीला जाऊन आलो. तीन मैल, तिला पाठीवर घेऊन. वाटेत बांधावर उबळ आली आणि ती काळीनिळी पडली. श्वास येईना. मी तिला उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या, काय काय ओरडले देव जाणे. शेतातला माणूस काम सोडून बघत राहिला. आला एकदाचा श्वास.

मिसेस स्क्रिमशॉ, माहेरची स्क्रिमशॉ, मोठी मायाळू बाई. विचारलं मात्र, तिने पावाची जाड फोड कापून काकवी लावून दिली. हेप्सीने अर्धी खाल्ली. मी तोंड घट्ट मिटून बसले होते, आभाराचा शब्द चुकून निघेल म्हणून. तोच आतून तिचा नवरा म्हणाला, "काय गं, कसला पाव?"

"खोकल्याचा. आपलं आडनाव सारखं ना!"

"अगं वेडे, तू माझ्या काकाची मुलगी! त्याला काय अर्थ आहे?"

ती बिचारी लाजली. "मला वाटलं, आडनावाचं तेवढं बघतात."

"आभारी आहे बाई," मी म्हटलं. आता म्हणायला हरकत नव्हती.

परतताना पाय उचलत नव्हते.

सोमवार, ११ जून

पाव उलटून पडला. दूधही. पाणीही. हातात धरली तर हाडं लागतात. डोळ्यांत पांढऱ्याच्या जागी लाल झालंय.

इनॉकला काय लिहू? 'हवा चांगली आहे' असं पोस्टकार्ड टाकलं.

देवाला काल रात्रीपासून काही मागितलेलं नाही. त्याला कंटाळा आला असेल माझा.

मंगळवार, १२ जून

कोल्डगॅप. जेबेझने गाढवाची गाडी दिली. तो स्वतः वस्तीच्या अलीकडेच थांबला. पेलिंगांशी त्याचं जुनं वाकडं आहे, वाळूच्या हद्दीवरून.

बोटी ओढायच्या उतारालगत दहा-बारा घरं. दोरीवर मासे वाळत. एका म्हातारीला विचारलं तर ती म्हणाली, "कुठली पेलिंग? आम्ही सगळ्या."

"जिचं नवऱ्याशी नातं नाही अशी."

"मग मर्सी. ती वरच्या पेलिंगांतली, नवरा खालच्या पेलिंगांतला. शंभर वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, नातं कुठून होणार? निळं दार. माझी सून आहे."

मर्सीने दार उघडलं. पंचविशीची असेल, हात कोपरापर्यंत ओले, खेकडे सोलत होती. मी म्हटलं, "तुमच्या हातचा पाव हवा." तिने हेप्सीकडे पाहिलं. तेवढ्यात उबळ आली, सगळी, त्या आवाजासकट. मर्सीचा हात दारावर तसाच राहिला. तिने मागे वळून पाळण्याकडे पाहिलं. मग पुन्हा हेप्सीकडे.  मला वाटलं, घर पसरलंय म्हणून संकोचली असेल. बायकांना असतं तसं.

"आत या," ती म्हणाली. "पाव इथेच, उंबऱ्याच्या आत खायचा. आणि तीन दिवस लागोपाठ यायचं. आमच्याकडे असंच आहे."

तिने लेकराला पाळण्यातून उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. नऊ महिन्यांचं, जोनस नाव. ते कुठलं राहतंय! पाव कापेपर्यंत रांगत बाहेर, थेट हेप्सीच्या पायाशी. तिच्या हातातला काकवीचा तुकडा ओढला आणि तोंडात. हेप्सी म्हणाली, "बाळा, तो माझा आहे ना!" आणि पुन्हा आपल्या तोंडात. त्याने पुन्हा ओढला. मी किती हसले! मर्सी हसली नाही. तिने त्याला झटकन उचललं. थोडी तुसडी वाटते, पण मनाची चांगली.

बाहेर पडताना आभार जिभेवर आले होते. जीभ चावली.

गुरुवार, १४ जून

तिन्ही दिवस झाले. जोनस आता हेप्सीला पाहिलं की हात पुढे करतो. हेप्सी म्हणते, आपलाही धाकटा असाच होईल का?

आज मर्सीने विचारलं, "हिला किती दिवस झाले?"

"पाच आठवडे होत आले. आता लागायचा काळ गेला," मी म्हटलं.

"असं डॉक्टर म्हणाले?"

"अनुभव आहे," मी म्हटलं.

सोमवार, १८ जून

हेप्सीने दोन अंडी खाल्ली. पोटात राहिली! दिवसभरात फक्त सहा उबळी. मी खोपटाच्या दारात बसून गाढवाचा पट्टा शिवत होते आणि गात होते, जेबेझ म्हणाला, गाढवं बिथरतील, थांबा.

मर्सीला जाऊन सांगावंसं वाटतं. पण खोकला पुरता जाईपर्यंत आभार मानायचे नाहीत, नाहीतर परत येतो. तिकडे गेले तर माझ्याने राहवणार नाही. म्हणून जात नाही.

शनिवार, २३ जून

जेबेझ खेकडेवाल्याकडून ऐकून आला. कोल्डगॅपच्या दोन-तीन घरांत पोरं खोकताहेत.

"वारा पूर्वेचा आहे ना," मी म्हटलं. "माझ्याही घशात खवखवतंय."

 खोगीर उगाच दोनदा पुसलं त्याने.

मंगळवार, २६ जून

हेप्सी वाळूवर धावली. फार लांब नाही.

लिहायला बसले तर दुसरंच मनात येतं. उन्हाळ्यात पोरांना खोकला होतोच. पाच आठवडे म्हणजे पुष्कळ झाले. रूथच्या खोलीत मी हेप्सीला पाच आठवड्यांनंतर जाऊ दिलं असतं का, असा प्रश्न मला काल पडला. त्याला उत्तर न देता झोपले.

बुधवार, ४ जुलै

गेले. हेप्सीला जेबेझपाशी ठेवून एकटी गेले. मुद्दाम आभार मानायला म्हणून, असं स्वतःला सांगत.

उतारावरूनच आवाज आला. एका घरातून, मग दुसऱ्या. तो आवाज मी कुठेही ओळखीन.

निळ्या दारात मर्सीची सासू उभी होती. "हीच ना ती?" ती आत बघून ओरडली. "मर्सी, तुझी पाववाली आली! हिच्या पोरीचं उष्टं खाल्लं आपल्या बाळाने, आता बघायला आली!"

आत जोनस मर्सीच्या मांडीवर. तो तसा आवाजही काढत नव्हता. तेवढा जोर कुठे त्याच्यात? नुसता खोकत खोकत थांबायचा, ओठ निळे, आणि मग काहीच नाही. मर्सी त्याला उताणा धरून हलवत होती. श्वास घे रे, श्वास घे रे.

मी विचारलं नाही. त्याला तिच्या हातातून घेतलं, पालथा केला, कपाळाखाली हात, बोट गालात. चिकटा निघाला. दोरीसारखा. पाठीवर चोळलं. एक, दोन, तीन मोजले, मग मोजायचं थांबले. आणि त्याने श्वास ओढला.

सासू दारातून बाजूला झाली.

मर्सीच्या तोंडावर रंग नव्हता. ती म्हणाली, "माझ्या हातचा पाव माझ्याच लेकराला चालत नाही, आजीबाई. तुम्ही गावोगाव फिरलात. अशी दुसरी बाई कुठे आहे?"

"पोरी," मी म्हटलं, "मला ठाऊक होतं. हा लागतो हे मला ठाऊक होतं. घरी माझा नातू आहे महिन्याचा, त्याला वाचवायला मी हिला इकडे आणलं. आणि तुझ्या घरात आणून बसवलं."

तिने जोनसला माझ्या हातून परत घेतलं. मग म्हणाली, "ऐकू आलं होतं मला. दारातच. मी काय बहिरी आहे?"

"मग का उघडलंस?"

"लग्न झालं त्या दिवशी सासूने सांगितलं, आता खोकल्याची पोरं येतील, तू नाही म्हणायचं नाहीस. आमच्यात ज्या बाईचं आडनाव राहतं तिला नाही म्हणता येत नाही." तिने जोनसचे पाय ॲप्रनमध्ये गुंडाळले. "याच्या आधी अकरा पोरं येऊन गेली. तेव्हा पाळणा रिकामा होता."

तिने हात दारावर ठेवून पाळण्याकडे पाहिलं होतं. आणि मला वाटलं घर पसरलंय म्हणून.

गुरुवार, ५ जुलै

आज दोनदा जाऊन आले. सकाळी सासूने दार लावून घेतलं. दुपारी मर्सी तिला म्हणाली, "आई, तिला धरता येतं. मला येत नाही. तुम्हालाही येत नाही. तिला आत येऊ द्या."

"आणि लाज?"

"लाज नंतर बघू."

शेजारच्या दोन बायकांना मी धरायला शिकवलं. माझ्याशी बोलत नाहीत, हात मात्र बघून घेतात.

शनिवार, ७ जुलै

इनॉक, मी बोलावलं तसा उद्या तू हेप्सीला न्यायला येशील. तुझ्यासमोर हे बोलायला गेले तर मी अर्ध्यात थांबेन आणि तू 'आई, चल घरी' म्हणशील. म्हणून ही वही तिच्या बोचक्यात घालते. आगगाडीत वाच, मग रूथला वाचून दाखव. काही गाळू नकोस. मी तुम्हाला 'हवा चांगली आहे' असं लिहीत होते तेव्हा काय चाललं होतं ते यात आहे.

हेप्सी वाचली. ती पावाने वाचली, हवेने वाचली की आपली आपण, मला आता सांगता येत नाही. महिन्यापूर्वी विचारलं असतंस तर शपथेवर सांगितलं असतं.

तिला थेट घरात नेऊ नकोस. ती बरी दिसते, मलाही बरी दिसत होती. महिनाभर तरी कुणाकडे ठेव, जिथे लहान मूल नाही अशा घरी. सायलसबाबा म्हातारे आहेत पण नाही म्हणणार नाहीत, आणि तिला ते आवडतात. ती रडेल. रडू दे. आगगाडीतही डब्यात लेकरू असेल तर तुम्ही उतरा, दुसऱ्यांना उतरायला लावू नका.

मी इथे कोल्डगॅपला, मर्सीपाशीच राहते. जोनसला काल चौदा उबळी आल्या, आज दुपारपर्यंत नऊ. दोनदा श्वास थांबला. दोन्ही वेळा मी होते. तिसऱ्यांदा असेन की नाही, आणि असून उपयोग होईल की नाही, ठाऊक नाही. वस्तीत आणखी पाच पोरं आजारी आहेत. सासूने आज माझ्यापुढे चहाचा कप ठेवला, आपटून, पण ठेवला. मर्सी रात्रभर जागी असते, मी त्याला धरून बसले की तिला दोन तास डोळा लागतो. एवढंच मला देता येतं. तो बरा होईपर्यंत राहीन, आणि नाही झाला तरी तिला एकटी टाकून येणार नाही.

रूथ, माझ्यावर रागावलीस तरी चालेल. पण धाकट्याजवळ कान नेऊन ऐक, श्वास मोकळा आहे का, आणि ते मला कळव. हेप्सी खाते का, रात्री कितीदा उठते, तेही कळव. पत्त्यावर नुसतं पेलिंग घालू नका, इथे सगळेच पेलिंग. 'मर्सीचं घर, निळं दार, बोटींच्या उतारापाशी, कोल्डगॅप' असं लिहा, म्हणजे दुसऱ्या दारी जाणार नाही. मोठं पत्र नको. एकच ओळ लिहा, पण मिळेल त्या पहिल्या टपालाने टाका. मी दारातच उभी राहीन.